अल्कलाइन पाणी, पीएच आणि अ‍ॅसिडिटी : पाण्याचा आकडा पोटाबद्दल काय सांगतो?

थोडक्यात

- पीएच म्हणजे पाण्यात मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत याचे माप. पीएच एकाने बदलला की आयनांचे प्रमाण दहा पटींनी बदलते.
- छातीतील जळजळ, आंबट ढेकर म्हणजे ‘अ‍ॅसिडिटी’. ती रक्त आम्लधर्मी झाल्यामुळे होत नाही आणि पिण्याच्या पाण्याच्या पीएचमुळेही होत नाही.
- निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या दरम्यान फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात. अल्कलाइन पाण्याने तो बदलत नाही.
- पिण्याच्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ असावा. पण पीएच योग्य आहे म्हणजे पाणी जंतुमुक्त आहे, असे नाही.
- चालताना किंवा जिना चढताना होणारी ‘जळजळ’ हृदयविकाराची असू शकते. ती पाण्याने किंवा सोड्याने घालवत बसू नका.

---

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दवाखान्यात येणारे अनेक रुग्ण हल्ली एक प्रश्न विचारतात : “डॉक्टर, माझी अ‍ॅसिडिटी जात नाही. घरी अल्कलाइन पाण्याचे मशीन बसवू का?” कुणी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक पाहिलेले असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले, रंग पिवळा झाला; मशीनच्या पाण्यात तेच थेंब टाकले, रंग निळा झाला. पिवळे म्हणजे ‘अ‍ॅसिडिक’, निळे म्हणजे ‘अल्कलाइन’. मग सांगितले जाते की शरीर आम्लधर्मी झाले की आजार होतात, म्हणून हे पाणी प्या.

प्रात्यक्षिकातील रंग खरे असतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. तो का चुकतो हे समजण्यासाठी शाळेत शिकलेले थोडे रसायनशास्त्र पुन्हा आठवावे लागेल.

## पाणी स्वतःच थोडेसे फुटते

पाण्याचा रेणू दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचा बनलेला असतो. शुद्ध पाण्यातही काही रेणू सतत फुटत असतात. एक रेणू आपला हायड्रोजन आयन दुसऱ्या रेणूला देतो आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. काही क्षणांत हे आयन पुन्हा एकत्र येतात, तोवर दुसरीकडे दुसरा रेणू फुटलेला असतो. याला पाण्याचे आयनीभवन म्हणतात.

हे किती प्रमाणात होते? २५ अंश सेल्सिअसला साधारण ५५ कोटी रेणूंपैकी एक रेणू फुटलेल्या अवस्थेत सापडतो. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या आसपास धरली, तर सगळ्या देशात मिळून दोन-तीन माणसे, इतके हे प्रमाण आहे. पण आम्ल आणि आम्लारी यांचा सगळा खेळ या थोड्याशा आयनांवरच चालतो.

शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमान असतात, म्हणून ते उदासीन असते. पाण्यात लिंबू पिळले की हायड्रोजन आयन वाढतात आणि हायड्रॉक्साइड आयन त्याच प्रमाणात घटतात. सोडा किंवा चुना टाकला की उलटे होते. या दोघांचा गुणाकार ठरावीक तापमानाला कायम राहतो. एक वाढला की दुसरा घटतोच.

## पीएच म्हणजे काय?

हे प्रमाण इतके लहान असते की दर वेळी दशांश चिन्हानंतर सहा-सात शून्ये लिहावी लागतील. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेनसेन यांनी यावर सोपी मोजपट्टी सुचवली. तीच पीएच. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि शेतीच्या लिखाणात तिला ‘सामू’ म्हणतात.

या मोजपट्टीबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. ती उलटी चालते. पीएच जितका कमी, तितके हायड्रोजन आयन जास्त, म्हणजे द्रव तितका आम्लधर्मी. ७ च्या वर गेले की आम्लारीधर्मी, म्हणजेच अल्कलाइन.

२. एक पायरी म्हणजे दहा पट. पीएच ६ च्या पाण्यात पीएच ७ च्या पाण्यापेक्षा दहा पट हायड्रोजन आयन असतात आणि पीएच ४ मध्ये हजार पट.

३. ७ हा आकडा २५ अंशांचा आहे. पाणी तापले की जास्त रेणू फुटतात. शरीराच्या ३७ अंश तापमानाला उदासीन पाण्याचा पीएच सुमारे ६.८ असतो आणि उकळत्या पाण्याचा सुमारे ६.१. तरी ते पाणी आम्ल नसते, कारण दोन्ही प्रकारचे आयन सारखेच वाढलेले असतात. गरम पाणी ‘अ‍ॅसिडिक’ असते, हा समज म्हणूनच चुकीचा.

रोजच्या वस्तूंचे अंदाजे पीएच असे :

- संडास साफ करायचे अ‍ॅसिड : १ पेक्षाही कमी
- जठरातील रस, रिकाम्या पोटी : १.५ ते ३.५
- लिंबाचा रस : २ ते २.५
- दही, ताक : ४ ते ४.५
- दूध : ६.६ च्या आसपास
- रक्त : ७.३५ ते ७.४५
- समुद्राचे पाणी : ८.१ च्या आसपास
- साबणाचे पाणी : ९ ते १०
- तंबाखूत मळायचा ओला चुना : १२ च्या वर

पीएच ओळखणारी एक वस्तू आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असते, ती म्हणजे हळद. शर्टावर वरण सांडले आणि त्या पिवळ्या डागाला साबण लावला की डाग लालसर होतो. साबणाच्या आम्लारीमुळे हळदीतील रंगद्रव्य रंग बदलते. लिंबू चोळले किंवा साबण धुऊन काढला की डाग पुन्हा पिवळा होतो. प्रात्यक्षिकातील थेंबही हेच काम करतात, फक्त त्यांतील रंगद्रव्य वेगळे असते.

## आकडा वेगळा, साठा वेगळा

पीएच आपल्याला त्या क्षणी मोकळे आयन किती आहेत एवढेच सांगतो. तो द्रव किती आम्ल पचवू शकेल, हे पीएचवरून कळत नाही. पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटसारखी द्रव्ये आलेले आम्ल शोषून घेतात आणि पीएच पटकन बदलू देत नाहीत. या गुणाला बफर म्हणतात.

हा फरक एका हिशेबाने स्पष्ट होईल. पीएच ९.५ असलेले एक लिटर पाणी घ्या. त्यातील सगळे हायड्रॉक्साइड आयन मिळून सुमारे ०.०३ मिलिमोल भरतात. जठरातील रसाचा पीएच १.५ धरला, तर त्याच्या फक्त एक मिलिलिटरमध्ये तेवढेच हायड्रोजन आयन असतात. म्हणजे एक लिटर अल्कलाइन पाण्यातील हायड्रॉक्साइड जठराच्या वीसेक थेंब रसाने संपतात. आपले जठर दिवसाला दीड ते दोन लिटर रस तयार करते.

पाण्यात बायकार्बोनेट असेल तर थोडे अधिक आम्ल शमते. पण ते बायकार्बोनेट मूळच्या नळाच्या पाण्यातही होतेच. यंत्राने पीएचचा आकडा वाढवला म्हणून आम्ल शमवायचा साठा त्या प्रमाणात वाढत नाही.

## मशीन नेमके काय करते?

‘वॉटर आयोनायझर’ नावाच्या यंत्रात दोन इलेक्ट्रोड आणि मध्ये एक पडदा असतो. वीज सोडली की ऋण इलेक्ट्रोडपाशी हायड्रोजन वायू आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. धन इलेक्ट्रोडपाशी ऑक्सिजन आणि हायड्रोजन आयन तयार होतात. एका नळीतून अल्कलाइन आणि दुसरीतून आम्लधर्मी पाणी येते.

यासाठी पाण्यात क्षार असावे लागतात. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून आरओच्या पाण्यावर असे यंत्र नीट चालत नाही. काही फिल्टरमध्ये वीज नसतेच. त्यांतील खनिजांच्या गोळ्यांमुळे थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात उतरते आणि पीएच वाढतो.

मग प्रात्यक्षिकात आरओचे किंवा बाटलीतील पाणी पिवळे का होते? आरओमधून पाणी गेले की त्यातील बायकार्बोनेट जवळजवळ निघून जाते, म्हणजे बफर उरत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून अगदी सौम्य आम्ल तयार करतो आणि पीएच ६ च्या खाली जाऊ शकतो. स्वच्छ हवेतून पडणाऱ्या पावसाचा पीएचही याच कारणाने ५.६ च्या आसपास असतो. पिवळा रंग या नाममात्र आम्लाचा आहे. ताक किंवा कोकम सरबताच्या एका पेल्यात त्यापेक्षा कितीतरी अधिक आम्ल असते आणि ते आपण आनंदाने पितो.

## अ‍ॅसिडिटी म्हणजे रक्त आम्ल होणे नव्हे

आपण ‘पित्त झाले’ किंवा ‘अ‍ॅसिडिटी झाली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत आलेले असते. जठरात आम्ल असणे हा आजार नाही. अन्नातील प्रथिने पचवायला आणि जंतू मारायला ते लागतेच. जठराच्या आतल्या अस्तरावर संरक्षक थर असतो, अन्ननलिकेला तसा थर नसतो. दोघांच्या मधली झडपेसारखी स्नायूंची कडी सैल पडली की आम्ल वर येते आणि जळजळ होते.

ही कडी सैल पडण्याची, किंवा तिच्यावर दाब येण्याची कारणे आपल्या दिनक्रमात असतात : पोटाचा घेर वाढणे, तंबाखू, दारू, एका वेळी भरपूर जेवणे, जेवल्यावर लगेच आडवे होणे. मुंबईहून रात्रीच्या लोकलने घरी पोचायचे, दहा-साडेदहाला जेवायचे आणि अकराला झोपायचे, हा आपल्या भागातील कित्येकांचा क्रम आहे. यात पाण्याच्या पीएचचा काही दोष नाही. याशिवाय हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या यांमुळे जठराला सूज किंवा अल्सर होऊ शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

अल्कलाइन पाण्याच्या बाजूने काहीच पुरावा नाही, असेही म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतील अभ्यासात पीएच ८.८ च्या पाण्याने पेप्सिन हे पाचक द्रव्य निष्क्रिय झाल्याचे दिसले. पण तो प्रयोग माणसांवर झालेला नव्हता. २०१७ मध्ये घशापर्यंत येणाऱ्या आम्लाच्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात अल्कलाइन पाण्यासोबत भाज्या, फळे, डाळींवर भर असलेला आहार दिलेल्या रुग्णांना औषधे घेणाऱ्यांइतकाच फायदा झालेला आढळला. पण तो फायदा पाण्याचा की आहाराचा, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही.

## रक्ताचा पीएच कोण सांभाळते?

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो ७.२ च्या खाली जाणे ही गंभीर अवस्था असते आणि ६.८ च्या खाली सहसा जीव वाचत नाही. इतक्या नाजूक गोष्टीचा कारभार शरीराने तुमच्या पाण्याच्या पेल्यावर सोडलेला नाही.

- रक्तातील बफर : बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन आणि प्रथिने हायड्रोजन आयन तत्काळ टिपून घेतात.
- फुप्फुसे : पेशींमध्ये रोज सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात मिसळला की आम्ल बनते. आपण तो श्वासावाटे बाहेर टाकतो. आम्ल वाढले की श्वासाचा वेग आपोआप वाढतो.
- मूत्रपिंडे : प्रथिनांच्या पचनातून उरणारे आम्ल, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १ मिलिमोल, मूत्रपिंडे लघवीतून काढून टाकतात आणि बायकार्बोनेट परत रक्तात आणतात.

सोडा किंवा अल्कलाइन पदार्थ जास्त घेतले तर लघवीचा पीएच बदलतो. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकतो, कारण जास्तीचे आम्ल किंवा आम्लारी तिथूनच बाहेर टाकले जाते. लघवीची पट्टी पाहून ‘तुमचे शरीर आम्लधर्मी आहे’ असे कुणी सांगितले, तर ती पट्टी खरे म्हणजे मूत्रपिंडे काम करत असल्याचे दाखवत असते.

कर्करोगाचे काय? ‘अल्कलाइन शरीरात कर्करोग होत नाही’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात आणि त्यात बरेचदा ओटो वारबुर्ग यांचे नाव असते. वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक पेशींच्या श्वसनातील विकराच्या शोधासाठी मिळाले होते, अल्कलाइन पाण्यासाठी नव्हे. कर्करोगाच्या गाठीभोवतालचा भाग आम्लधर्मी असतो हे खरे. पण ते आम्ल गाठीच्या पेशी स्वतः तयार करतात. २०१६ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात याविषयीच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. अल्कलाइन आहार किंवा पाण्याने कर्करोग टळतो किंवा बरा होतो, याला आधार देणारा पुरावा त्यात जवळजवळ सापडला नाही. असा संदेश वाचून सुरू असलेले उपचार थांबवणे जिवावर बेतू शकते.

## रक्त खरोखर आम्लधर्मी होते तेव्हा

रक्त आम्लधर्मी होण्याला अ‍ॅसिडोसिस म्हणतात. हा स्वतंत्र आणि गंभीर प्रकार आहे. त्याची नेहमीची कारणे अशी :

- मधुमेहात इन्सुलिन बंद केल्यास किंवा मोठा संसर्ग झाल्यास रक्तात कीटोन आम्ल साठणे
- मूत्रपिंडे निकामी होणे
- जुलाबांतून बायकार्बोनेट वाहून जाणे
- गंभीर जंतुसंसर्ग किंवा रक्तदाब फार खाली जाणे

यात खोल आणि जलद श्वास, उलट्या, गुंगी अशी लक्षणे दिसतात. निदान धमनीतील रक्ताच्या तपासणीने होते आणि उपचार रुग्णालयातच करावे लागतात. जुलाबांसाठी आपण जे ओआरएस देतो, त्यात याच कारणासाठी ट्रायसोडियम सायट्रेट असते. शरीर त्यापासून बायकार्बोनेट बनवते. लहान मुलाला जुलाब होत असतील तर वीस-बावीस रुपयांची ओआरएसची पुडी कोणत्याही अल्कलाइन पाण्यापेक्षा अधिक मोलाची.

## आपल्या नळाच्या पाण्याचा पीएच

कल्याण-डोंबिवलीला मुख्यतः उल्हास नदीचे पाणी मिळते. एमआयडीसीच्या पुरवठ्यामागे बदलापूरजवळचे बारवी धरण आहे. ठाण्याला येणाऱ्या पाण्यात भातसा नदीचा मोठा वाटा आहे. सह्याद्रीत पडलेल्या पावसाचे हे पाणी सहसा मृदू असते. बोअरवेलच्या पाण्यात क्षार जास्त असू शकतात. टँकरचे पाणी कसे असेल, हे ते कुठून भरले यावर अवलंबून.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० नुसार पीएच ६.५ ते ८.५ असावा. जागतिक आरोग्य संघटनेने पीएचसाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. मग शुद्धीकरण केंद्रात पीएच सतत का मोजतात? त्याची कारणे अशी :

- तुरटी : गढूळ पाण्यातील गाळ बसवायला तुरटी घालतात. तिच्यामुळे पाण्यात हायड्रोजन आयन वाढतात आणि पीएच खाली येतो. गाळ नीट बसण्यासाठी पीएच ठरावीक पट्ट्यात ठेवावा लागतो.
- नळ : आम्लधर्मी पाण्याने धातूचे नळ झिजतात, त्यातील धातू पाण्यात उतरतात. फार अल्कलाइन आणि कठीण पाण्याने नळात पांढरा थर साचतो.
- क्लोरीन : पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असते. जंतू मारण्यात हायपोक्लोरस आम्ल हे रूप फार प्रभावी असते. पीएच ७ ला तीन चतुर्थांशाहून अधिक क्लोरीन या रूपात असते, ८.५ ला फक्त दहावा हिस्सा, ९.५ ला शंभरावा. म्हणजे पाणी जितके अल्कलाइन, तितके क्लोरीनचे काम मंद.

घर चालवणाऱ्याने खरी काळजी करावी ती जंतूंची. पावसाळ्यात गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ यांचे रुग्ण वाढतात, कारण गळक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरते किंवा सोसायटीची टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसते. गटाराच्या पाण्याचा पीएचही ७ च्या आसपासच असतो. पीएच मीटरवर ते उत्तम ठरेल! रसायनांचेही तसेच. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतील रस्ता गुलाबी झाला होता, तेव्हा निदान रंग तरी डोळ्यांना दिसला. पाण्यात मिसळलेली अनेक रसायने रंगही दाखवत नाहीत आणि पीएचही बदलत नाहीत. २०२०-२१ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात ‘अल्कलाइन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका पाण्याचा संबंध यकृताच्या तीव्र आजाराशी जोडला गेला. त्यात लहान मुलेही होती आणि ते पाणी बाजारातून मागे घ्यावे लागले.

म्हणून सोसायटीने पैसे खर्च करायचेच असतील, तर क्रम असा ठेवावा : टाक्यांची नियमित सफाई, टाकीच्या झाकणांची दुरुस्ती, उरलेल्या क्लोरीनची ओ.टी. चाचणी (लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे) आणि वर्षातून किमान एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या सुरुवातीला, प्रयोगशाळेत जंतूंची तपासणी. शंका असेल तेव्हा पाणी उकळून प्या.

## ‘अल्कलाइन’ म्हणजे सौम्य नव्हे

आम्ल वाईट आणि अल्कली चांगली, हा समज घरात अपघात घडवू शकतो. डोळ्यांसाठी अल्कली बहुधा आम्लापेक्षा अधिक घातक असते. आम्लाने वरची प्रथिने गोठतात आणि आत जायला थोडा अडथळा होतो. अल्कली पेशींचे आवरण विरघळवत आत शिरते. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब हाताळताना ती फुटून चुना लहान मुलांच्या डोळ्यांत उडतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. घरात चुना असेल तर तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

कारखान्यात किंवा घरी आम्ल-अल्कली अंगावर उडाल्यास :

1. ताबडतोब वाहत्या साध्या पाण्याने धुवा. डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून किमान २० ते ३० मिनिटे.
2. चुन्याची कोरडी भुकटी त्वचेवर असेल तर आधी झटकून काढा, मग धुवा.
3. आम्लावर सोडा किंवा चुन्यावर लिंबू-व्हिनेगर लावू नका. उदासीनीकरणात उष्णता निर्माण होते आणि धुण्याचा वेळही वाया जातो.
4. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.
5. संडासचे अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

## अ‍ॅसिडिटी असेल तर काय करावे?

- रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास ठेवा. घरी पोचायला उशीर होत असेल तर संध्याकाळी सातच्या सुमारास पोळी-भाजीचा डबा खा आणि घरी हलके काही घ्या.
- वजन जास्त असेल तर थोडे कमी केल्यानेही फरक पडतो.
- तंबाखू, मिसरी, सिगारेट, दारू बंद करा.
- पलंगाची डोक्याकडची बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उंच करा. नुसत्या जास्त उशा घेतल्याने मान वाकते, उपयोग होत नाही.
- ज्या पदार्थाने तुम्हाला त्रास होतो तोच टाळा. सगळ्यांसाठी एकच यादी नसते.
- अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. रिकाम्या पोटी घ्यायच्या आम्लनाशक गोळ्याही महिनोन्‌महिने स्वतःहून चालू ठेवू नका.

खायचा सोडा घ्यावा का? सोड्याने आम्ल खरोखर शमते, पण थोड्या वेळापुरतेच. अर्ध्या चमच्यात, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम सोड्यात, जवळजवळ ६८० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दिवसभराच्या २,००० मिलिग्रॅमच्या मर्यादेचा हा एक तृतीयांश झाला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी सोडा आणि फ्रूट सॉल्ट रोज घेऊ नये.

## हे दिसल्यास थांबू नका

लगेच रुग्णालयात जा किंवा १०८ ला फोन करा :

- छातीत दाब, जळजळ किंवा दुखणे, सोबत घाम, धाप, जबडा-खांदा-हातात कळ
- स्टेशनचा पूल चढताना येणारी आणि थांबल्यावर कमी होणारी जळजळ वाढत असेल किंवा आराम करतानाही होत असेल
- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी शौचास

काही दिवसांतच डॉक्टरांना दाखवा :

- पूल चढताना किंवा भरभर चालताना पहिल्यांदाच जाणवलेली जळजळ (त्याच दिवशी दाखवा)
- गिळताना अन्न अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्त कमी होणे
- पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली अ‍ॅसिडिटी
- आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा होणारा त्रास

मधुमेही, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात हृदयविकाराचा झटका अनेकदा फक्त ‘गॅस’ किंवा ‘पित्त’ म्हणून जाणवतो. ईसीजी काढून तो नॉर्मल आला तर काही बिघडत नाही. घरी पाणी पीत बसून दोन तास गेले तर हृदयाचा स्नायू परत मिळत नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी अल्कलाइन मशीन आधीच आहे. बंद करू का?
निरोगी व्यक्तीने ८.५ पर्यंतच्या पीएचचे पाणी प्यायला हरकत नाही. यंत्र त्याहून जास्तीवर लावू नका आणि औषधे त्या पाण्यासोबत घेऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. तान्ह्या बाळाचे दूध त्या पाण्यात कालवू नका.

आरओचे पाणी आम्लधर्मी असते, मग ते वाईट का?
त्यातील आम्ल नगण्य असते. आरओ लागतो तो क्षार जास्त असलेल्या पाण्याला. नळाचे पाणी मृदू असेल तर साधा फिल्टर आणि उकळणे पुरते.

मुतखड्यासाठी अल्कलाइन पाणी उपयोगी आहे का?
यूरिक अ‍ॅसिडच्या खड्यांत लघवी अल्कलाइन करण्यासाठी डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, तेही लघवीचा पीएच मोजत. काही प्रकारचे खडे मात्र अल्कलाइन लघवीतच वाढतात. आधी खड्याचा प्रकार कळायला हवा. सगळ्या प्रकारांत लागू पडणारा सल्ला एकच : दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या.

लिंबू आम्ल आहे, तरी ते ‘शरीर अल्कलाइन करते’ असे म्हणतात. खरे काय?
लिंबातील सायट्रेटपासून शरीरात बायकार्बोनेट बनते आणि लघवी थोडी अल्कलाइन होते. रक्ताचा पीएच आहे तिथेच राहतो. लिंबाने तुम्हाला जळजळ होत असेल तर ते टाळा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमची औषधे किंवा उपचार बदलण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*